एकास बहात्तर

२०२३ च्या दिवाळीत साफसफाई करताना माळ्यावर बुटांचे एक जुने खोके सापडले आणि त्यात, गंजलेला कंपास आणि पत्त्यांचा अर्धवट कॅट यांच्या सोबतीने, मी सहावीत असताना बनवलेले स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती, निघाले. त्याचा उजवा पंख सुटला होता, नाकावरचे पाते गोंदाने कायमचे चिकटून बसले होते आणि वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक टोपी मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी पडली होती. रंग म्हणजे खिडकीच्या ग्रिलला देऊन उरलेला हिरवा ऑइल पेंट. त्यात ब्रशाचा एक केसही अडकून वाळलेला होता. डाव्या पंखाच्या मुळाशी मात्र प्लास्टिकमध्येच उमटलेला बोटाचा एक ठसा होता, अगदी स्पष्ट, रेघा मोजता येतील इतका. मी सहज त्यावर माझे बोट ठेवून पाहिले. ठसा बोटाखाली पूर्ण झाकला गेला आणि तरी चहूबाजूंनी बोट उरले.

सुटे भाग जोडून विमान बनवायचा तो संच माझ्या आतेभावाने आणला होता. तो मालवाहू जहाजावर नोकरीला होता, आणि १९८९ साली नाशिकसारख्या गावात अशी वस्तू जहाजावरच्या किंवा आखातातल्या नातेवाइकाखेरीज कोणाकडून येण्याचा संभव नव्हता. मला आठवते ते इतकेच, की दुपारी शाळेतून आल्यावर मी तो डबा उघडला आणि रात्री जेवायला बसण्यापूर्वी विमान तयार होते. सूचनांचा कागद मी पाहिला असेनही, पण पाळला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते विमान वर्गात गेले, बाकांवरून उडाले, एकदा खिडकीतून बाहेरही गेले. उजव्या पंखाचे बहुधा तेव्हाच झाले असावे.

खोके सापडल्यानंतरच्या दोन वर्षांत मी नवे अकरा संच विकत घेतले आणि त्यांतला एकही पुरा केला नाही. हा लेख खरे तर त्या दोन वर्षांविषयी आहे.

जे या छंदात नाहीत त्यांच्यासाठी थोडे प्रमाणाविषयी सांगायला हवे. डब्यावर १/७२ असे छापलेले असते, म्हणजे मूळ वस्तूचा बहात्तरावा भाग. हा विचित्र आकडा इंग्रजी मापांतून आला आहे: सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो, की झाले एकास बहात्तर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून याच प्रमाणातील लाकडी विमाने मोठ्या संख्येने करून घेतली होती, कारण आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे हे आकृतीवरून ओळखण्याचा सराव सैनिकांना त्यांवर करता येत असे. पुढे १९५३ साली एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने स्पिटफायरचा प्लास्टिकचा संच याच प्रमाणात काढला आणि मग तो आकडा रूढ झाला. रणगाड्यांचे १/३५ हे प्रमाण तर आणखी मौजेचे आहे. तामिया या जपानी कंपनीच्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढ्यासाठी जो आकार ठरला, तो मोजल्यावर पस्तिसावा भाग भरला, आणि जगभरच्या रणगाड्यांनी तो आजतागायत निमूटपणे मान्य केला आहे.

प्रमाण एकच ठेवल्याचा खरा लाभ दोन वस्तू शेजारी ठेवल्यावर कळतो. स्पिटफायरचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर भरतात आणि मिग-२१ या सोव्हिएत बनावटीच्या लढाऊ जेटचे अवघे ७.१५ मीटर. म्हणजे १/७२ मध्ये एक साडेपंधरा सेंटीमीटरचे आणि दुसरे जेमतेम दहाचे. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारे जेट त्या जुन्या पंख्याच्या विमानाच्या पंखाखाली पिल्लासारखे उभे राहते. हे आकडे मी अनेकदा वाचले होते, पण तळहातावर ती दोन विमाने घेईपर्यंत मला ते दिसले नव्हते.

या छंदाकडे परतल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती चाळिशीची. वयाचीही आणि नाकावरचीही. सहावीतल्या डोळ्यांना जो भाग वाटाण्याएवढा दिसत असे तो आता तिळाएवढा झाला होता, म्हणून आधी भिंग आले, मग भिंगाला दिवा आला. मग प्लास्टिकच्या चौकटीतून भाग अलगद कापणारे निपर, निमुळते चिमटे, चारशेपासून दोन हजार नंबरापर्यंतचे वॉटर पेपर, रंगाचा बारीक फवारा मारणारा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आला. कॉम्प्रेसर सुरू झाला की बायको दुसऱ्या खोलीतून विचारायची, "अहो, पंक्चर काढताय का?" सामान जमवण्यात एक वेगळेच सुख असते, आणि ते कामाच्या सुखाशी इतके मिळतेजुळते असते की महिनोन्महिने फरक कळत नाही. रात्री जेवण झाल्यावर मी डबा उघडायचो, चौकटी हातात घेऊन उजेडात फिरवायचो, सूचनांची पुस्तिका वाचायचो आणि सगळे परत नीट रचून डबा बंद करायचो.

कारण विचाराल तर भीती. लहानपणी संच एकच होता आणि तो बिघडेल असे एकदाही मनात आले नव्हते. आता डबे अकरा होते, बिघडला तर दुसरा मागवण्याइतके पैसे होते, तरी कातरी लावायला हात धजेना. दरम्यान मी इतके वाचून बसलो होतो की प्रत्येक पायरीवर काय चुकू शकते हे मला पाठ होते. अमुक विमानाच्या अमुक तुकडीतल्या अमुक महिन्यातल्या राखाडी रंगाची नेमकी छटा कोणती, यावर मी तीन आठवडे घालवले आणि त्या विमानाचा डबा आजही सीलबंद आहे. ज्ञान वाढले की हात आखडतो, असे माझे झाले होते.

ते आखडणे सुटले ते २६ सप्टेंबर २०२५ नंतर. त्या दिवशी चंदीगडला भारतीय वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला. त्याच चंदीगडला १९६३ साली मिगची पहिली तुकडी उभी राहिली होती, म्हणजे बासष्ट वर्षांचा हिशेब तिथेच मिटला. नाशिककराला ही बातमी जरा निराळी लागते. पुणे जिल्ह्यातले विघ्नहराचे ओझर वेगळे आणि आमचे नाशिकजवळचे वेगळे, हे सांगण्यासाठी इकडे सरसकट 'ओझर मिग' असेच म्हणतात. विमानाचे नाव गावाला चिकटलेले दुसरे उदाहरण मला माहीत नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ओझरचा विमान कारखाना मिगसाठीच १९६४ साली सुरू झाला. सांगाडा आणि जुळणी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आमच्या लहानपणी गणिताचा तास चालू असताना आकाशात फाटल्यासारखा आवाज व्हायचा, बाई फळ्यावरचा खडू तसाच धरून थांबायच्या आणि आवाज गेला की पुढचा आकडा लिहायच्या.

शेजारचे काका त्याच कारखान्यात फिटर होते. आज ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. बातमीच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो तर ते टीव्ही बंद करून बसले होते. "पाहिलं," एवढेच म्हणाले. घरी येऊन मी अकरा डब्यांतून मिगचा डबा काढला आणि त्याच रात्री पहिला भाग कापला.

काम सुरू होते ते वैमानिकाच्या खोबणीपासून, कारण सांगाड्याचे दोन अर्धे एकदा जुळले की आत ब्रश जात नाही. सोव्हिएत विमानांच्या खोबणीचा आतला रंग प्रसिद्ध आहे. त्याला कोणी निळा म्हणते, कोणी हिरवा, आणि बाटलीवर जे नाव असते त्याने कोणाचेच समाधान होत नाही. मला तो ओळखीचा वाटला. पावसाळ्यानंतर द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, ते पानांवर आणि तारांवर वाळल्यावर जो रंग उरतो, तो हा. मी निफाडच्या रस्त्यावर गाडी थांबवून एका बागेच्या खांबाचा फोटो काढला आणि त्यावरून रंग मिसळला. माझ्या दृष्टीने ती गेल्या दोन वर्षांतली सर्वांत बरी संदर्भसामग्री होती.

या प्लास्टिकला लावतात तो गोंद खरे तर गोंद नसतोच, तो द्रावक असतो. दोन्ही कडा तो किंचित विरघळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. आता मिळतो तो पाण्यासारखा पातळ असतो. दोन भाग बोटांनी जुळवून धरायचे आणि सांध्याला बारीक ब्रशाचे टोक नुसते टेकवायचे. केशाकर्षणाने तो फटीतून आपोआप धावत जातो, आणि तो धावताना दिसणे हा या सगळ्या उद्योगातला मला सर्वाधिक आवडणारा क्षण आहे. फक्त, सांध्यावर बोट असेल तर तो बोटाखालीही धावतो. पोटाच्या सांध्यावर माझे बोट होते. उचलले तेव्हा प्लास्टिकमध्ये ठसा उमटला होता, सहावीतल्यासारखाच, फक्त मोठा.

आता घासणे आले. फटीत आणि ठशात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, रात्रभर वाळू द्यायची, मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून गोल गोल न घासता एकाच दिशेने घासायचे. रंगारी भिंतीला करतो तेच हे काम, फक्त भिंत बोटाएवढी असते. नजरेला सांधा गेला असे वाटते तेव्हा तो गेलेला नसतो. डोळे मिटून नख फिरवले की कळते. प्रायमर मारला की उरलेसुरले सगळे वर येते, मग पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. हे चार वेळा झाले. चौथ्यांदा मला जाणवले की मी पोट घासतो आहे, म्हणजे टेबलावर ठेवल्यावर जी बाजू कोणी पाहणार नाही ती. तिथे थांबलो. ठशाच्या दोन-तीन रेघा अजून आहेत.

नाकावरची वेगमापक नळी मात्र हरवली. चिमट्यातून सुटली, टिचकी मारल्यासारखा आवाज आला आणि गेली. परदेशातले लोक अशा वेळी गालिचाला दोष देतात. आपल्याकडे फरशी, तिच्यावरून भाग टणाटण उड्या मारत कपाटाखाली जातो. घरातले दिवे मालवून विजेरी फरशीवर आडवी ठेवायची आणि उजेड सरपटत न्यायचा, म्हणजे केसाएवढ्या तुकड्याचीही लांब सावली पडते, ही युक्ती मला आता येते. मुलीने आणि मी अर्धा तास पालथे पडून शोध घेतला. एक कानातले, तीन तांदळाचे दाणे आणि एक गोळी सापडली. नळी मग इंजेक्शनच्या बारीक सुईची केली, आणि ती संचातल्यापेक्षा सरस निघाली.

काकांना विमान पहिल्यांदा दाखवले ते प्रायमरच्या अवस्थेत. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा संचात कोरलेल्या असतात आणि त्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पातळ काळा रंग सोडून वरचा पुसून घेण्याची पद्धत आहे. मी एका पंखावर तो प्रयोग करून नेला होता आणि मनातून शाबासकीची वाट पाहत होतो. काकांनी भिंग मागितले.

"ही रेघ किती रुंद असेल रे?"

"असेल की, दहावा हिस्सा मिलिमीटर."

"मग खऱ्यात किती झाली?"

मी मनात गुणाकार केला आणि गप्प बसलो. ०.१ गुणिले ७२, म्हणजे ७.२ मिलिमीटर.

"सात मिलिमीटरची फट," काका शांतपणे म्हणाले. "एवढी फट ठेवली असती तर मला दुसऱ्या दिवशी गेटमधून आत सोडलं नसतं."

खऱ्या विमानापासून दहा पावले मागे गेलात तर त्या रेघा दिसतच नाहीत, हे त्यांचे म्हणणे. मी तीन आठवडे एका राखाडी छटेवर घालवणारा माणूस. आणि ज्याला मी नेमकेपणा समजत होतो तो आम्हा छंदिष्टांनी आपसांत ठरवलेला एक संकेत आहे, कथकलीच्या रंगवलेल्या चेहऱ्यासारखा, हे मला एका फिटरने एका गुणाकारात दाखवले. संकेत वाईट असतो असे नाही. काळ्या रेघांशिवाय एवढेसे विमान खेळण्यासारखे सपाट दिसते, हेही तितकेच खरे आहे. मी दुसऱ्या पंखावर रेघा भरल्या, पण काळ्याऐवजी फिकट तपकिरी रंगाने. याला तडजोड म्हणा.

रंगाच्या बाबतीत तर इतिहासानेच माझी बाजू घेतली. मला १९७१ मधले मिग-२१ एफएल करायचे होते. ही ओझरला बनलेली पहिली जात. पुढे आलेल्या 'बिस' या जातीची पाठ फुगीर, हिची सडपातळ. बिसच्या पंखांखाली शस्त्रांसाठी चार खुंट्या, हिच्या दोन. आणि बिसला पोटात तोफ, तर हिला तोफ हवी असेल तर बाहेरून पेटी अडकवावी लागे. युद्धापूर्वी ही विमाने उघड्या धातूची, चकचकीत होती. युद्ध तोंडावर आले तेव्हा चकाकी लपवणे भाग पडले आणि ती तळांवरच रंगवली गेली. काही विमानांवर वाघासारखे पट्टे ओढलेले त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या राज्यपाल भवनावर रॉकेट सोडणारी विमाने याच जातीची होती. त्या छायाचित्रांकडे मी रंगाच्या छटा शोधायला म्हणून गेलो होतो; दिसले ते ब्रशाचे फराटे. पट्ट्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत, एक पट्टा दुसऱ्यासारखा नाही, कुठे खालचा धातू डोकावतो आहे. जे कोणी हातात डबा घेऊन शिडीवर चढले असतील त्यांच्यापुढे संध्याकाळपर्यंत विमान पुरे करण्याचा प्रश्न होता.

मी एअरब्रश धुऊन खोक्यात ठेवला. चांदीसारखा थर वाळल्यावर शून्य नंबराच्या ब्रशाने हिरवे पट्टे ओढायला घेतले. पहिले दोन हात थरथरत निघाले, तिसऱ्यापासून लय सापडली, आणि रविवारी दुपारी चारला सुरू केलेले काम दिवेलागणीला संपले. मध्ये एकदा ब्रशाचा केस रंगात अडकला, तो मात्र मी चिमट्याने काढला. सहावीतल्या मुलाइतके मोकळे होणे आता जमणार नाही.

शेवटी चिन्हे. ती कागदावर छापलेली असतात. पाण्यात भिजवली की पातळ पापुद्रा सुटतो आणि तो ओल्या ब्रशाने सरकवत जागेवर न्यायचा असतो. बाहेर केशरी, मग पांढरे, केंद्रात हिरवे, असे वायुदलाचे वर्तुळ डाव्या पंखावर सुरेख बसले. उजव्या पंखावरचे दुमडले, सोडवताना फाटले आणि दोन तुकड्यांत बसवावे लागले. केशरी कड्यात एक बारीक भेग आहे. पूर्वी या जागी मी डबा बंद करून दुसऱ्या संचातून चिन्हे मागवण्याचा विचार करीत महिना काढला असता. त्या रात्री मी वरून वॉर्निशचा हात दिला आणि झोपायला गेलो.

माघातल्या एका सकाळी विमान काकांकडे नेले. ते अंगणात उन्हात बसले होते. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले, वर्तुळाची भेग त्यांना दिसली की नाही ते मला कळले नाही, आणि विमान हातात येताच त्यांनी ते सरळ उलटे केले. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. ज्याने आयुष्य विमानाखाली उभे राहून काढले तो विमान खालूनच पाहणार. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरले, पोटावरच्या एअरब्रेकच्या रेघेवरून नख फिरवले, ठशाच्या उरलेल्या रेघांपाशी जरा थांबले आणि पुढे गेले.

"हे बरं जमलंय," ते म्हणाले. मग चाकांच्या कप्प्यांपाशी आले. "ही दोन झाकणं डावी-उजवी केलीस तू."

मी वाकून पाहिले. खरेच अदलाबदल झाली होती. सूचनांच्या पुस्तिकेत ती अक्षरे इतकी बारीक होती, की चाळिशी लावूनही मी चुकीची वाचली असणार.

"काढून बसवू का नीट?"

"एकजीव झालंय म्हणतोस ना? आता काढशील तर पाय मोडेल," काका म्हणाले आणि विमान सरळ करून त्यांनी चहाच्या बशीशेजारी, तिन्ही चाकांवर, अलगद उभे केले.

झाकणे अजून तशीच आहेत.